बाँदोल : उन्हाची आणि सबुरीची वाइन

दक्षिण फ्रान्समधल्या तूलोंजवळ, भूमध्य समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी बांधांच्या पायऱ्यांवर बाँदोलच्या बागा आहेत. १९४१ पासून हे नाव कायद्याने राखीव आहे. रेड वाइनमध्ये किमान निम्मी मूर्वेद्र द्राक्षं हवीतच. सोबत बहुधा ग्रनाश आणि सँसो या जाती.

मूर्वेद्र ही हट्टी जात. जाड सालीची, फार उशिरा पिकणारी. ऊन कमी पडलं किंवा तोड घाईने झाली, की वाइन हिरवट, तुरट लागते. म्हणूनच तिला इथली उष्णता मानवते. उत्तरेचा कोरडा मिस्त्राल वारा घड सुकवतो, त्यामुळे केवडा हा बुरशीचा रोग आटोक्यात राहतो. उतारा हेक्टरी जेमतेम ४,००० लिटर, तोड हातानेच.

मग लाकडी पिंपात किमान १८ महिने. मूर्वेद्रला हवा कमी मिळाली तर ओल्या चामड्यासारखा, कधी गंधकाचा वास धरतो. म्हणून गाळ मागे ठेवून वाइन अधूनमधून दुसऱ्या पिंपात काढतात.

कोवळी बाटली लगेच ओतू नका. दोन तास आधी रुंद सुरईत काढा, १७ अंशांच्या आसपास ठेवा. आधी काळी फळं, मग रानातल्या सुक्या पाल्याचा वास वर येतो. खरी गोडी मात्र दहा वर्षांनी कळते.