बशीभर पाणी, तबकडीभर सूर

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणारे बहुतेक लोक भांडं फार खोल घेतात. पाणी भरपूर मावावं, सारखं भरावं लागू नये, असा साधा हिशेब असतो. पक्ष्याचा हिशेब वेगळा. त्याला पाय टेकून उभं राहता आलं पाहिजे आणि पोट जेमतेम भिजलं पाहिजे. काठाशी दोन सेंटिमीटर आणि मध्यभागी फार तर पाच, एवढं पाणी पुरे. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी, पस्तीस-चाळीस सेंटिमीटर व्यासाची, या कामाला उत्तम. तिचा तळ खरखरीत असतो, त्यामुळे पाय सरकत नाहीत. गुळगुळीत भांडंच हाताशी असेल तर त्यात दोन-तीन चपटे दगड ठेवावेत, त्यातल्या एकाचा माथा पाण्याबाहेर राहील असा. बादलीत किंवा खोल टोपात पक्षी फार तर काठावर ओणवा होऊन पाणी पितो. आंघोळ करत नाही. आणि पाहण्यासारखी असते ती आंघोळच.

जागा निवडताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. भिजलेला पक्षी जड होतो, त्याला पटकन उडता येत नाही, म्हणून बसायला जवळ झुडूप हवं. पण ते अगदी चिकटून असेल तर मांजर त्यातच दबा धरून बसतं. दोन-तीन मीटरचं अंतर दोघांच्या मधलं. सावली असेल तर शेवाळ कमी धरतं आणि दुपारी पाणी तापत नाही. पत्र्याचं भांडं उन्हात ठेवायचं म्हणजे पाहुण्याला चटका द्यायचा.

पाणी रोज बदलावं, निदान एक दिवसाआड तरी. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे एक दिवसाआड पाणी ओतून टाकलं तर डासांचा प्रश्न उरत नाही. आठवड्यातून एकदा थाळी कडक ब्रशने घासावी. साबण नको. त्याचा थर मागे राहिला तर पिसांवरचं तेल निघून जातं.

एवढं करूनही आठ-पंधरा दिवस कुणी फिरकत नाही, तेव्हा थेंबाची युक्ती करावी. पक्ष्यांना साचलेल्या पाण्यापेक्षा हलतं पाणी लवकर दिसतं आणि ऐकूही येतं. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीने छिद्र पाडायचं, बाटली उलटी करून थाळीच्या वर अर्धा-एक मीटरवर टांगायची. दोन-तीन सेकंदांना एक थेंब पडला की झालं. बहुतेकांची बाटली तासाभरात थांबते आणि ते छिद्र मोठं करत बसतात. दोष छिद्राचा नसतो. उलट्या बाटलीचं बूड आता वर आलेलं असतं. तिथे दुसरं बारीक छिद्र नसेल तर आत हवा शिरत नाही आणि पाणी अडून राहतं.

आता आंघोळ. साळुंकी आधी काठावर उतरते, दोन घोट पिते, इकडेतिकडे पाहते आणि मगच आत पाय घालते. पोट टेकतं तिथे थांबते. डोकं पाण्यात बुडवून झटक्यात वर उचलते, त्यासरशी पाणी मानेवरून पाठीवर ओघळतं. पंख अर्धवट उघडून फडफडवते, शेपटी पसरते, पिसं फुलवून पाणी मुळापर्यंत जाऊ देते. दहा-पंधरा सेकंदांत सगळं उरकून काठावर येते, अंग झाडते आणि पुन्हा आत शिरते. बुलबुलाला एवढा धीर नाही. तो सूर मारल्यासारखा येतो, भिजतो आणि फांदीवर जातो. खरं काम फांदीवर सुरू होतं. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एक तेलाची ग्रंथी असते. चोच तिच्यावर घासून पक्षी एकेक पीस मुळापासून टोकापर्यंत चोचीतून ओढत नेतो. पिसाच्या बारीक तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते सुटलेले असतात आणि चोचीच्या ओढीने पुन्हा एकमेकांत अडकतात. हे आवरणं आंघोळीपेक्षा कितीतरी वेळ चालतं. घाईचे प्रेक्षक नेमके त्याआधी उठून जातात.

शिंजीर आणि शिंपी हे पक्षी थाळीकडे क्वचितच येतात. त्यांना ओली पानं आवडतात. सकाळी झुडपावर पाण्याचा फवारा मारून ठेवला तर ते पानांवर अंग घासून भिजतात. चिमण्यांना मात्र पाण्याइतकीच धूळ लागते. उन्हातल्या कोपऱ्यात चाळलेली कोरडी बारीक माती हात-दीड हात जागेत चार-पाच सेंटिमीटर जाड पसरून ठेवली की त्या तिथे खड्डे करून लोळतात.

एक इशारा. हे सगळं खिडकीसमोर मांडणार असाल तर काच तपासा. काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसलं की पक्षी सरळ त्यात शिरायला जातो. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून काही साधत नाही, पक्षी त्याला वळसा घालून शेजारच्या काचेवर आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने, पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके काढावे लागतात. थाळी काचेच्या एक मीटरच्या आत ठेवली तरी धोका कमी होतो, कारण तेवढ्या अंतरात पक्ष्याला जोरदार वेग घेता येत नाही.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापट घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो. दुर्बीण धूसर दिसते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती आपल्या डोळ्यांना लावून घेतलेलीच नसते. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने एखादी डहाळी डाव्या डोळ्याला स्पष्ट करायची. मग डावी बाजू झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच डहाळी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. कडीची खूण लक्षात ठेवायची, पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. काही दुर्बिणींत ही कडी दुसरीकडे असते, तेवढं पाहून घ्यावं. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून हलवू नये, दुर्बीण नजरेच्या रेषेत वर आणावी. खाली पाहून दुर्बीण डोळ्यांना लावली की पक्षी हरवलाच.

पाहणं लवकर जमतं. ऐकायला वेळ लागतो, आणि माझ्या मते जास्त गोडी त्यातच आहे. पहाटेचा किलबिलाट गोड लागतो खरा, पण तो सबंध ऐकू गेलं तर काहीच हाती लागत नाही. एक आवाज धरायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. सुरुवात तांबटापासून करावी. त्याचं टुक-टुक-टुक एका लयीत, एका सुरात बराच वेळ चालतं. चोच मिटलेली, गळा फुगलेला, आणि मान या बाजूची त्या बाजूला वळत असते. त्यामुळे आवाज वेगवेगळ्या झाडांवरून येतोय असं वाटतं आणि पक्षी सापडता सापडत नाही. मग दयाळ धरावा. विणीच्या हंगामात नर उंच, मोकळ्या टोकावर बसून गातो. तो एक तुकडा म्हणतो, थांबतो, पुढचा तुकडा बदलून म्हणतो. त्या थांबण्याकडे लक्ष गेलं की निम्मं काम झालं.

पक्ष्याचं ध्वनियंत्र आपल्यासारखं गळ्यात वर नसतं. श्वासनलिका जिथे दुभंगून फुप्फुसांकडे जाते तिथे, छातीत खोलवर असतं. गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालवता येतात, त्यामुळे काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात. आपल्याला नुसती किरकिर वाटते ती फोनवर ध्वनिमुद्रित करून पाव वेगाने ऐकावी. सुराची उंची कायम राखण्याची सोय मात्र बंद करावी, म्हणजे वेगाबरोबर सूरही खाली येतो. सेकंदभराच्या किरकिरीतून निरनिराळे सूर सुटे होऊन येतात.

एरिक डॉल्फी हा सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारा कलावंत पक्ष्यांच्या आवाजाला आवाज देत वाजवायचा. आपल्या सुरांच्या मधले सूर पक्ष्यांकडे असतात, असं त्याचं म्हणणं होतं. तो वाजवायचा त्या जॅझ या अमेरिकी संगीतालाही हाच कान लागतो. पाच-सहा जण एकदम बोलत असतात आणि ऐकणाऱ्याने एकाचा पदर धरायचा असतो. नवख्या माणसाला जॅझ म्हणजे गोंधळ वाटतो, कारण तो सगळे पदर एकाच वेळी ओढायला जातो.

ट्रंपेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड घ्या. पहिल्याच रचनेत, ‘सो व्हॉट’मध्ये, मुख्य धून ट्रंपेटकडे नाही, बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याकडे आहे. पॉल चेंबर्स बासवर एक ओळ विचारतो आणि बाकीचे दोन आघातांत उत्तर देतात. आवर्तन ३२ खंडांचं, खंड चार मात्रांचा. पहिले १६ खंड एका सुरावर, मग आठ खंड सगळं अर्ध्या स्वराने वर चढतं आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. हे एक आवर्तन जेमतेम मिनिटभराचं. बोटांवर खंड मोजत ऐकलं की तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला ते चढणं आधीच कळायला लागतं, आणि मग माइल्स दोन, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन आणि कॅननबॉल ॲडर्ली दोन आणि पियानोवर बिल एव्हान्स एक आवर्तन घेतो, हे कुणी न सांगता उमगतं. माइल्स सुरू होतो त्या क्षणी ड्रमवरच्या जिमी कॉबने झांजेवर दिलेला ठोका किती लांबतो, तेही ऐका.

मोजणं आवडलं असेल तर पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची त्याच वर्षीची ‘टाइम आउट’ ही रेकॉर्ड आहे. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची, तीन अधिक दोन अशी मोजावी, ती सोपी. ‘ब्लू रोंदो’ नऊ मात्रांची. तीन वेळा २-२-२-३ आणि चौथ्यांदा ३-३-३. टाळी चुकते ती चौथ्या वेळीच.

माझी आवडती मात्र बिल एव्हान्सची, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी एका दिवसात झालेली ध्वनिमुद्रणं. पियानो, बास आणि ड्रम, तिघंच. बासवरचा स्कॉट लाफारो साथ करत नाही, पियानोशी गप्पा मारतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय अवघं पंचवीस. या ध्वनिमुद्रणांत ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणं ऐकू येतं. काहींना ते खटकतं. मला त्यातून खोलीची लांबीरुंदी कळते.

ऐकायचं साधन कसंही चालेल, पण फोनचा स्पीकर नको. बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. ती फोनमधून येतच नाही, म्हणजे वर सांगितलेलं निम्मं गेलं. दोन स्पीकर आणि आपण, असा समभुज त्रिकोण करावा, उंच सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर असावा. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की बास फुगतो आणि सूर एकमेकांत मिसळतात.

रेकॉर्ड वाजवणाऱ्यांचं पहिलं दुखणं सुईचा भार. आधी सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून असलेली अँटीस्केटची चकती शून्यावर आणायची. मागचं वजन फिरवत टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, अधांतरी, आडवा तरंगेल असा करायचा. वजन न हलवता त्याच्यावरची आकड्यांची कडी शून्यावर आणायची. मग वजन आणि कडी एकत्र फिरवून सुईला सांगितलेला भार द्यायचा, बहुतेक सुयांना दीड ते दोन ग्रॅम. शेवटी अँटीस्केट त्याच आकड्यावर ठेवायची. रेकॉर्ड झिजू नये म्हणून लोक भार कमी ठेवतात आणि तिथेच फसतात. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते आणि जास्त नुकसान करते.

शेवटच्या गाण्यात ‘स’ फुसफुसायला लागला तर लगेच सुईला दोष देऊ नये. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच जागेत सगळं कोंबलेलं असतं. धूळ कार्बन फायबरच्या ब्रशने, रेकॉर्ड फिरत असताना हलक्या हाताने काढावी. सुई मागून पुढेच पुसावी, उलट पुसली तर वाकते. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, थप्पी लावली की वाकतात.

‘काइंड ऑफ ब्लू’ची एक खोच राहिली. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणाला टेपयंत्र किंचित मंद चालत होतं, त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की रेकॉर्डची पहिली बाजू किंचित वेगाने आणि चढ्या सुरात वाजते. दुसऱ्या यंत्रावरची प्रत वापरून १९९२ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. नुसतं ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. बरोबर वाजवायला बसलात आणि सूर जुळेना, तर आपल्या कानांवर शंका घेण्याआधी प्रत कधीची आहे ते पाहावं. जुनी असेल तर तंतुवाद्यवाल्यांनी तारा जराशा चढवून घ्याव्यात, पियानोवाल्यांनी सरळ नवी प्रत शोधावी.