‘जाऊन रायलो’ आणि मुलाखतीचे ३० गुण

मी अमरावती जिल्ह्यातली. घरी, वावरात, मैत्रिणींशी सगळं बोलणं वऱ्हाडीच. २०२३ मध्ये शिक्षक अभियोग्यता चाचणी दिली तेव्हा भाषेची काळजी मनातही नव्हती. संगणकावर १२० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे, तिथे आवाज कोण ऐकतो? पुढे शिक्षकभरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ हा पर्याय भरला आणि खासगी संस्थेच्या यादीत नाव लागलं. तिथे मुलाखत आणि अध्यापन कौशल्याला मिळून ३० गुण असतात.

पहिली मुलाखत घरापासून फार लांब होती. उतारा वाचायला दिला. ‘आणि’चं ‘आनि’ झालं, ‘डोळे’चं ‘डोये’ झालं. समितीतल्या एकांनी मधेच थांबवून विचारलं, ‘‘वर्गातही असंच बोलणार का?’’ त्यानंतरचे दोन प्रश्न माझ्या कानात शिरलेच नाहीत. निवड झाली नाही. परतीच्या गाडीत रडले. राग आला तो माझ्या बोलीचा, याचं मला आजही वाईट वाटतं.

बी.एड.च्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘हेल वेगळा आणि उच्चार वेगळा, बेटा. हेल पुण्याच्या माणसालाही असतो. पण श्रुतलेखनात तू ‘पानी’ म्हटलंस तर पोरं वहीत ‘पानी’च लिहिणार. ण आणि ळ, एवढंच धर.’’

मग महिनाभर रोज पहाटे बालभारतीचं पुस्तक मोठ्यानं वाचलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं: बाण, लोणी, कोण, फळा, शाळा. सुटा शब्द चार दिवसांत बसला. बोलण्याच्या ओघात मात्र ‘न’ परत यायचाच, घाईत तर हमखास. शेवटी वेग कमी केला तेव्हा जमलं. हेलाला हात लावला नाही.

दुसरी मुलाखत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शाळेत. समोर सातवीचा वर्ग, पाठ संयुक्त क्रियापदाचा. फळ्यावर ‘मी जात आहे’ लिहिलं आणि विचारलं, घरी हे कसं म्हणता? ‘‘मी चाललोय!’’ मागच्या बाकावरून आलं. ते लिहिलं, त्याखाली आमचं लिहिलं: ‘मी जाऊन रायलो’. वर्ग खळखळून हसला. मी हसू दिलं. मग सांगितलं, ‘रायलो’ म्हणजे ‘राहिलो’. ‘जाऊन’ हे धातुसाधित, ‘राहिलो’ हे सहायक क्रियापद. आता ‘जात आहे’मध्ये सहायक कोणतं? पाच-सहा हात वर झाले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, मग ‘चाललोय’मधलं सहायक कुठं गेलं?’’

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. खडू तिच्याच हाती दिला. तिनं जरा थांबून लिहिलं: चाललो + आहे.

नंतर समितीनं विचारलं, ‘‘उत्तरपत्रिकेत मुलानं ‘रायलो’ लिहिलं तर?’’ मी म्हटलं, ‘‘खोडणार नाही. शेजारी ‘राहिलो’ त्याच्याकडूनच लिहून घेईन आणि पेपरात हेच लागतं, असं स्पष्ट सांगेन.’’ त्या वाक्यातला ‘खोडणार’चा ‘ण’ नीट उमटला, हे मला बोलता बोलता जाणवलं.

निवड यादीत नाव आलं. आता सहावी-सातवीला मराठी माझ्याकडे आहे.