आमची वाटचाल: नळ्यांच्या पुरवठ्यापासून एक्सोसोमपर्यंत

नवी मुंबईतील महापे येथील औद्योगिक वसाहतीत आम्ही सुरुवात केली ती प्रयोगशाळांना नळ्या आणि पिपेटच्या टिप्स पुरवण्यापासून. पुढे ड्राय आइसमधून नमुने पोहोचवण्याचे काम मिळाले, आणि त्याच ओघात कर्करोगाच्या गाठींतून निघणाऱ्या एक्सोसोमशी आमची गाठ पडली. आज रक्तातून व पेशीसंवर्धनाच्या द्रवातून ते वेगळे करून देणे हे आमचे मुख्य काम आहे, अर्थात केवळ संशोधनासाठी.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, सुमारे 30 ते 150 नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका, म्हणजे पातळ आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या. 1983 मध्ये अपक्व तांबड्या रक्तपेशींत त्यांचा माग लागला, तेव्हा पेशी नकोशी प्रथिने टाकून देते एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. 2007 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्यांच्यात आरएनए असल्याचे आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागत असल्याचे दाखवले, आणि कर्करोगाचे अभ्यासक याकडे वळले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की पुटिकेवर कोणते इंटिग्रिन (चिकटण्यास मदत करणारे प्रथिन) आहे यावर ती फुप्फुसात थांबते की यकृतात, आणि तेथे गाठीच्या पेशी पोहोचण्यापूर्वीच त्यांना अनुकूल परिस्थिती तयार करते. उपचारालाही त्या अडथळा ठरतात: काही स्तनकर्करोगांतील एक्सोसोमवर हर-2 प्रथिन असते व ट्रास्टुझुमॅब औषध पेशीऐवजी त्यालाच चिकटते, तर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातील एक्सोसोमवरचे पीडी-एल-1 हे प्रथिन रोगप्रतिकारक टी पेशींना निष्प्रभ करते.

हे सारे ज्या नमुन्यावर ठरते, तो नमुना स्वच्छ असावा लागतो, आणि आमच्या व्यवसायाचे खरे मूल्य तिथेच आहे. रक्त नळीत पडून राहिले की प्लेटलेट स्वतःच्या पुटिका सोडतात आणि गाठीच्या मोजक्या पुटिका त्या गर्दीत हरवतात. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्ता तुंबला की हा धोका वाढतो. म्हणून रक्त घेतले जाते तिथेच प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) दोनदा सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, गोठवावा, असा आमचा आग्रह असतो, आणि त्यासाठी तंत्रज्ञांना आम्हीच प्रशिक्षण देतो. पेशीसंवर्धनात वासराचे सीरम वापरले असेल तर त्यातील गोवंशीय एक्सोसोमही मोजणीत शिरतात. अल्ट्रासेंट्रिफ्यूज गुरुत्वाच्या लाखपट बलाने पुटिका तळाशी आणते, पण लिपोप्रोटीन (रक्तातील चरबी वाहणारे कण) आणि इतर प्रथिनेही सोबत येतात. त्यामुळे प्लाझ्मासाठी आम्ही आकारानुसार वेगळे करणारा स्तंभ अधिक पसंत करतो. नुसत्या कणसंख्येचा अहवाल आम्ही देत नाही, कारण मोजलेला प्रत्येक कण एक्सोसोम असतोच असे नाही. एक्सोसोमवर सहसा आढळणाऱ्या सीडी-9, सीडी-63 आणि सीडी-81 या प्रथिनांची तपासणी सोबत जोडलेली असते.

त्वचा उजळवण्यासाठी एक्सोसोम मागणारेही येतात. त्यांना आम्ही सरळ नकार देतो. रुग्णांचे नातेवाईक निदानासाठी फोन करतात, तेव्हा त्यांनी कर्करोगतज्ज्ञांकडेच जावे असे सांगतो. औषध वाहून नेण्यासाठी एक्सोसोम वापरण्याचे प्रयत्नही अद्याप चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत.

अमेरिकेत प्रोस्टेटची बायोप्सी करावी की नाही हे ठरवण्यास मदत करणारी, लघवीतील एक्सोसोमच्या आरएनएवर आधारित चाचणी उपलब्ध आहे. आम्हीही संशोधनासाठी लघवीच्या नमुन्यांकडे वळत आहोत. सुई टोचावी लागत नाही हे खरे, पण लघवीतील युरोमोड्युलिन या प्रथिनाचे तंतू एक्सोसोमना अडकवून ठेवतात, त्यामुळे प्लाझ्माची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. नवी पद्धत स्थिर होईपर्यंत या नमुन्यांच्या ऑर्डर आम्ही स्वीकारत नाही.