ओढ वेगळी, गोडी वेगळी

'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही, मी वाद घालतेच. बाबांना पार्किन्सन्स झाल्यापासून तर जास्तच. त्यांच्या मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात. हे रसायन म्हणजेच आनंद असता, तर त्यांचा आनंदही त्याच हिशोबाने आटला असता.

आटली आहे ती ओढ. जन्मभर बुद्धिबळाचं वेड असलेले बाबा आता आपणहून पटाकडे फिरकत नाहीत. "खेळायचं का?" विचारलं की "नको, राहू दे." पण मी न विचारता सोंगट्या मांडल्या आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की थरथरत्या हाताने का होईना, उत्तर येतं. मग कधीतरी त्यांचा घोडा माझा राजा आणि वजीर एकदम कात्रीत धरतो. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हसू पटकन उमटत नाही. पण "शह! आता बोल!" म्हणताना आवाजात जी खुशी असते, ती जुनीच, तेवढीच.

केंट बेरिज या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांमध्ये हेच पाहिलं. डोपामाइन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर समोर अन्न असूनही खात नसत. जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की मात्र निरोगी उंदरांसारखेच मिटक्या मारत. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांच्या प्रयोगातले उंदीर स्वतःच्या मेंदूला विजेचा झटका मिळावा म्हणून खटका दाबतच राहिले, तेव्हा 'सुखाचं केंद्र सापडलं' असा बोलबाला झाला. ते सुख होतं की नुसती अनावर ओढ, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग गोडी कुठून येते? बरीचशी मेंदूने स्वतः बनवलेल्या अफूसारख्या द्रव्यांतून. त्यांतलं एन्केफॅलिन १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शोधलं. गांजातल्या घटकासारखी द्रव्यंही मेंदू तयार करतो. न्यूक्लियस अक्यूम्बन्स या भागात ही द्रव्यं गोडी वाढवतात ती जागा उंदराच्या मेंदूत जेमतेम एक घन मिलिमीटरची आहे. हवंसं वाटायला लावणारं जाळं त्यामानाने कितीतरी पसरलेलं. आपल्याला हवं खूप असतं आणि समाधान थोडक्यात निसटतं, याचं एक कारण मला इथे दिसतं.

डोपामाइनला अगदी बाजूला सारता येत नाही, हेही खरं. संगीत ऐकताना अंगावर काटा येतो, त्यावर माँट्रियलमध्ये झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या क्षणी डोपामाइन सुटतंच, पण तो क्षण येणार म्हणून वाट पाहतानाही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते सुटत असतं.

बाबांच्या आजाराच्या काही औषधांनी याची दुसरी टोकाची बाजू दिसते. डोपामाइनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांमुळे काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर नाद लागतो. म्हणून आमचे डॉक्टर दर वेळी मलाही विचारतात, "अचानक काही वाढलंय का?" रुग्ण स्वतः सांगेलच असं नसतं. तुमच्या घरात कुणी ही औषधं घेत असेल तर लक्ष ठेवा, बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.