साताऱ्याचे कागद कुठे गेले?

औंधच्या संग्रहालयात शिरलं की आधी चक्रावायलाच होतं. खटाव तालुक्यातलं एवढंसं गाव, डोंगरावर मूळपीठाची यमाई, आणि तिच्या वाटेवरच्या एका इमारतीत राजा रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं, धुरंधरांची चित्रं, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, चंदनाच्या वस्तू, आणि वर इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'. मुंबईतल्या चित्रकारांनी एसटी धरून इथे यावं अशी ही जागा. येतात मात्र यमाईचे भाविक. माझ्यापुढे म्हसवडकडच्या दोन बायका होत्या. मूरच्या त्या दगडी आईपाशी थांबून एकीने विचारलं, "हिला तोंड का नीट काढलं नाही?" पहारेकऱ्याने खांदे उडवले. मलाही उत्तर सुचलं नाही.

आम्ही आटपाडीकडचे, म्हणजे पणजोबा औंधचीच रयत. संस्थान जेमतेम सत्तर-पंचाहत्तर गावांचं, तेही सलग नाही. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे. त्यामुळे मायणी, वडूज करत औंधला पोचलो तेव्हा परक्या गावात आल्यासारखं वाटलंच नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रचार सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच, 1910 मध्ये. तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसा दिला आणि तिच्यासाठी स्वतः चित्रंही काढली. 1938 साली हे संग्रहालय झालं आणि पुढच्याच वर्षी संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती देणारी राज्यघटना आली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. म्हणजे एका हाताने राजाने राज्य सोडलं आणि दुसऱ्या हाताने चित्रं भिंतीवर टांगली.

हे सगळं औंधातच राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. का, ते साताऱ्यात गेल्यावर कळतं.

औंधहून रहिमतपूरमार्गे सातारा. 2024 चा पावसाळा होता आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांच्या बोलीवर भारतात पाठवलेली वाघनखं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडलेली होती. 19 जुलैला त्यांचं प्रदर्शन सुरू झालं होतं. रांग मोठी. शाळेच्या सहली, फेटे बांधून आलेली पोरं, छत्र्यांचं पाणी सगळीकडे. काचेमागे बघायला मिळते एवढीशी वस्तू: बोटांत अडकवायच्या कड्या आणि आडव्या पट्टीला खाली वाकलेली पोलादी नखं. मूठ मिटली तर दिसणारही नाहीत. बापाच्या खांद्यावरचं एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "बस, एवढीच?" आजूबाजूचे हसले.

ही वाघनखं ग्रँट डफच्या घराण्यातून लंडनच्या संग्रहालयात गेली. ग्रँट डफ म्हणजे 1818 ते 1822 साताऱ्याचा रेसिडेंट, इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी. मराठ्यांचा त्याचा इतिहास 1826 साली छापला गेला. वाघनखांची पेटी स्कॉटलंडात बनवलेली आहे. पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली आणि शिवाजी महाराजांनी त्यांनीच 'मोगल सेनापती' मारला, असं तिच्यावर लिहिलंय. अफजलखान आदिलशाहीचा, विजापूरचा, मोगलांचा नव्हे! साताऱ्यात चार वर्षं काढलेल्या माणसाच्या घरच्या पेटीवर एवढी ढोबळ चूक असावी, याची गंमत वाटते. हीच ती 1659 सालची वाघनखं, याचा पक्का पुरावा नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. तरी रांगेत उभं राहायला मला काही कमीपणा वाटला नाही. पण साताऱ्यातून गेलेली वस्तू साताऱ्यात पाहुणी म्हणून येते आणि आपण ओल्या छत्र्या घेऊन दर्शनाला जातो, हे काही डोक्यातून जाईना.

आणि कागदांचं तर त्याहून वाईट. 1708 पासून छत्रपतींची गादी इथे. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं, 1848 मध्ये राज्यच खालसा केलं. सातारकर महाराजांच्या रोजनिशा पेशव्यांच्या दप्तराबरोबर पुण्याच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन पडल्या. पुढे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी उलटी गंगा वाहवली. गावोगाव फिरून कागद, चित्रं, नकाशे जमवले, नाना फडणवीसांचं मेणवलीचं दप्तर मिळवलं आणि साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं केलं. ते 1926 मध्ये गेले. 1939 मध्ये सगळा संग्रह पुण्याला, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला. तिथे तो नीट जपला गेला, अभ्यासकांची सोय झाली, हे मान्यच. तरी साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचा इतिहास वाचायचा तर येरवड्याला जावं लागतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी पाचवडवरून वाई. विश्वकोशाच्या कार्यालयावरून पुढे गेलो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हाती घेतलेलं हे काम वीस खंडांत पुरं झालं, पहिला 1976 साली आणि विसावा 2015 साली. इथल्या ग्रंथालयासाठी वेगळा दिवस काढायला हवा. मला मेणवली गाठायची होती. नानांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या मोहिमेतून आणलेली घंटा. वाडा बघण्यासारखाच आहे, पण माझं लक्ष राहून राहून रिकाम्या खोल्यांकडे जाई: दप्तर यातल्या कुठल्या खोलीत असेल?

संध्याकाळी वाईत मित्राच्या आत्याकडे. जेवणं झाल्यावर आत्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवायला सांगितली. आत लाल रुमालात बांधलेले मोडी कागद. मित्राने पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकून घेतलीय. आधी कागदभर सरळ शिरोरेघा ओढलेल्या, मग बोरू न उचलता त्यांना लोंबकळत गेलेली अक्षरं. बोरू दौतीत बुडवला तिथे शाई काळीभोर, चार-सहा शब्दांनंतर फिकट, पुन्हा काळीभोर. लिहिणाऱ्याने दम कुठे घेतला तेही त्यावरून कळतं. वर तारीख: 'छ' म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिना, वर्ष अरबी शब्दांत. मित्र अडखळत वाचत होता. मजकूर कुलकर्णी वतनाच्या वाटणीचा. भाऊ भाऊ भांडलेले, साक्षीदारांची भलीमोठी यादी आणि शेवटी आंब्याच्या एका झाडाचा वाद.

"ते झाड अजून आहे," आत्या म्हणाल्या. "वाद पण."

मी म्हटलं, हे असं ट्रंकेत ठेवू नका, वाळवी लागेल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्या, 1910 पासून ते हेच काम करतात. आत्यांनी चष्मा काढला.

"आणि उद्या मला बघावंसं वाटलं तर?"

"अर्ज करायचा. दाखवतील की."

"माझ्याच आजेसासऱ्यांचे कागद बघायला मी अर्ज करायचा, आणि तोही पुण्यात जाऊन?"

मित्राने रात्रीच मोबाईलवर एकेक पान नीट उजेडात धरून टिपून घेतलं. ट्रंकेत कडुलिंबाचा पाला आणि नवा रुमाल एवढी तडजोड आत्यांनी मान्य केली. मंडळाला फोटो पाठवायलाही त्यांची ना नाही. आंब्याच्या वादाचं पान तेवढं वगळायचं, कारण तो खटला अजून कोर्टात आहे.