हौदावरचा फेस

आंबोलीत आमच्या घरामागे सिमेंटचा हौद आहे. त्यावर जांभळीची एक फांदी पार खाली वाकलीय. मृगाचा पाऊस नीट धरला, की सकाळी चहा घ्यायच्या आधी मी ती फांदी बघून येते. यंदा 17 जूनला फेस दिसला. मुठीपेक्षा मोठा, पांढरा, पानांना चिकटलेला.

हे उडत्या बेडकाचं घरटं. मलबारी उडता बेडूक. प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी 1870 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पाठ कोवळ्या पानासारखी हिरवी, बोटांमधले पडदे शेंदरी. पडदे ताणून तो उंच फांदीवरून 9 ते 12 मीटर तरंगत जातो. लोकांना तेवढंच बघायचं असतं. दोन वर्षांपूर्वी कॅमेरेवाल्यांची एक टोळी आली होती. त्यातला एकजण बेडकाने उडी मारावी म्हणून त्याला काडीने ढोसत होता. मी हात जोडून थांबवलं, पण ती रात्र अजून मनात सलते.

मला विचाराल, तर खरी करामत फेसाची. एकदा पहाटे तीनला मी ती पाहिलीय. मादी चांगली मोठी, पाठीवर चिमुकला नर. ती अंगातून पाझरणारा द्रव मागच्या पायांनी घुसळत होती, अगदी रवीने ताक करावं तसा. अंडी त्या फेसातच. आजूबाजूची पानं चिकटून त्याची पुडी झाली. वरून फेस सुकतो, आत ओल टिकते. आणि घरटं बांधायचं ते पाण्याच्या बरोबर वर, कारण पिल्लं खाली पडणार ती थेट पाण्यात. खाली पाणी नसेल तर सगळंच फुकट.

काका दरवर्षी म्हणतात, "ती फांदी तोडूया गो, पालो पडता पाण्यात." मी म्हणते, "काका, दिवाळीपर्यंत थांबा."

आठवड्याने जोराची सर आली. फेस पातळ झाला आणि एकेक बेडूकमासा टपकन हौदात पडू लागला. मी छत्री धरून उभी होते. मागे बघते, तर काका बादली नि चहाची गाळणी घेऊन आलेले. डासांसाठी आम्ही हौदात गप्पी मासे सोडलेत ना, ते गाळून बादलीत काढायला लागले.

"माशे खातले तेंका," एवढंच म्हणाले.