पांढरी वाचायची कशी?

मराठवाड्यात जमीन दोन प्रकारची. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरी मुळातच पांढरी असते असं नाही. चुलीची राख, शेण, चुना, हाडं आणि पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचते, तेव्हा ती राखाडी आणि भुसभुशीत होते. गाव उठलं, घरं गेली तरी ही माती तिथंच राहते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंच बघा. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदीत 'तगर' म्हणून, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं हे गाव. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून आजही पावसाळ्यात सातवाहनकाळची खापरं आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात.

दगड जास्त टिकतो असं आपण धरून चालतो. आपला काळा पाषाण लवकर झिजत नाही हे खरं, पण तो उचलून नेला जातो. पडक्या गढीचे चिरे दुसऱ्याच्या जोत्यात बसतात, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, मारुतीच्या पाराला टेकतो, बारवेच्या पायऱ्यासुद्धा सुटत नाहीत. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर तर फार लवकर जातं. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती टाकून ती चोपली नाही, तर भेगांतून पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि छत खाली बसतं. मग पाऊस भिंतीच्या माथ्यातून आत शिरतो, दगडांमधला मातीचा गारा धुऊन काढतो आणि भिंत फुगून पडते. उरतो तो बुटका ढिगारा, त्यावर बाभळी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या पट्ट्यातली जी गावं नव्या जागी वसवली, त्यांच्या जुन्या पांढरीवर हेच दिसतं.

काळ्या रानाची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती आणि बारीकसारीक वस्तू त्यांत घसरतात. पावसात ती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणजे काळी स्वतःच स्वतःला उलथवत राहते. तिथं पायवाट फार काळ टिकत नाही. खड्डा, चूल, कुडाची झोपडी यांच्या खुणा नांगराआधी तीच पुसते.

म्हणून शोध घ्यायचा तो पांढरीवर. दोन-तीन चांगले पाऊस झाले की जायचं, सकाळी किंवा उन्हं कलताना. तिरप्या उजेडात उंचवटे सावलीवरून कळतात. आधी पाण्यानं कापलेली घळ गाठा. तिच्या उभ्या कडेला राखेचे करडे पट्टे, भाजून लाल झालेली जमीन, मधेच चुन्याची पांढरी रेघ, असे थर एकावर एक दिसतात.

चूक होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली खापरांची. शेणखताबरोबर उकिरड्यावरची खापरं साऱ्या शिवारात पोचतात. ती लहान, कडा गोल झालेली आणि विरळ असतात. वस्तीच्या जागी मात्र मोठी, धारदार कडांची खापरं दाट सापडतात, सोबत राखही असते. दुसरी चूक रंगाची. चोपण जमीनही पांढुरकी दिसते, पण तिच्यावर क्षार फुललेले असतात, ओली झाली की ती चिकट, निसरडी होते, आणि खापर नसतं. लिंबू पिळून फेस आला म्हणजे चुन्याचं बांधकाम, असंही धरू नका. रानातली चुनखडीसुद्धा तशीच फसफसते.

वय ठरवताना घाई नको. शिक्क्याचं मंगलोरी कौल मिळालं तर तो थर १८६० च्या दशकाआधीचा नाही, कारण ही कौलं तेव्हापासूनच बनू लागली. पण एक कौल वरून घरंगळत आलेलंही असू शकतं.

जमिनीवर काहीच उरलं नाही तर कागद बघा. निजामाच्या महसुली दप्तरात ओसाड गावाला 'बेचिराग' म्हणत, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. अशा गावाचं नाव दिवा विझल्यावरही शिवाराला चिकटून राहतं.

आता मात्र ही मातीच ट्रॉलीनं जाते. पांढरी माती रानात टाकायची रीत जुनीच आहे, पण पाटीनं उचलणं वेगळं आणि जेसीबीनं टेकाड कापणं वेगळं. एका उन्हाळ्यात शेकडो वर्षांचे थर एकमेकांत मिसळतात; मग खापर हाती आलं तरी ते कुठल्या थरातलं हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या गावाची पांढर कापली जात असेल तर निदान त्या कापाचा फोटो घ्या, बाजूला मोजपट्टी धरा, गट क्रमांक लिहून ठेवा. नाणी किंवा दागिने निघाले तर निखात निधी कायदा, १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खापरं हाताळून झाली की उचलली तिथंच परत ठेवा.